थांबलेल्या कागदांचा ट्रे

स्कॉल्बी फेन विमानतळ, लिंकनशर
१४ डिसेंबर १९४३

श्री. हाल्वर टँगेन यांस,

आमच्या कमांडरसाहेबांचं पत्र तुम्हाला मिळालं असेल, नाहीतर या आठवड्यात मिळेल. ते मी टाईप केलं आहे. त्या दिवशी अशी सहा पत्रं करायची होती, त्यामुळे तुमच्या पत्रात ‘धैर्य’ हा शब्द एकाच परिच्छेदात दोनदा आला आहे. ते लक्षात आलं तेव्हा पाकीट गेलं होतं.

हे पत्र सरकारी नाही. मी इथल्या कचेरीत कारकून आहे, माझं नाव नोरा कॉथर्न, हुद्दा कॉर्पोरल. तुमचा मुलगा ऑर्लिन इथे अकरा महिने होता. त्याच्या फाईलमध्ये ‘जवळचा नातेवाईक’ या रकान्यात त्याने तुमचं नाव लिहिलं आहे, आणि पुढे कंसात ‘पत्रव्यवहार नाही’. कोणी विचारलं नसताना असं लिहिणारा तो एकटाच. म्हणून वाटलं, कोणीतरी तुम्हाला साधं पत्रही लिहावं.

इथे सगळे त्याला टेक्स म्हणायचे. मी टेक्सासचा नाही, नॉर्थ डकोटाचा आहे, असं त्याने पहिले काही दिवस सांगून पाहिलं. मग सोडून दिलं. आमच्या लोकांच्या लेखी अमेरिकन म्हणजे टेक्स.

तो चालवत होता ते विमान परत येताना धुक्यात पडलं, धावपट्टीपासून दीड मैलावर. बाँब टाकून झाले होते, म्हणून ती फेरी पूर्ण धरली गेली. तिची नोंद तीस अशी आहे. तीस झाल्या की सुटका, हे त्याने तुम्हाला कळवलं असेल. नसेलही कळवलं.

शेपटीकडचा बंदूकवाला, रेजी पॉकलिंग्टन, तेवढा वाचला. बाकी सहाजणांना स्कॉल्बी गावच्या चर्चमागे पुरलं. ऑर्लिन डावीकडून दुसरा.

त्याचं सामान वेगळं येईल. त्यात न्हाव्याची एक कात्री आहे, पात्यावर ‘ह. टँ.’ कोरलेली. ती तुमचीच असावी.

तुमची,
नोरा कॉथर्न


२ फेब्रुवारी १९४४

श्री. टँगेन यांस,

तुमचं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. तुम्ही आकडे घालून प्रश्न विचारले आहेत, तशीच उत्तरं देते.

एक. त्रास झाला का, हे मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, नाही झाला. ते सगळ्यांच्या बाबतीत तसंच म्हणतात, पण या वेळी त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

दोन. पाद्री आमचेच होते, इंग्रज. प्रार्थना थोडक्यात आटोपली, कारण गार वारा होता.

तीन. राजाच्या शपथेचं. तुम्ही लिहिता की एका राजासमोर टोपी काढायला लागू नये म्हणून तुम्ही नॉर्वे सोडून समुद्र ओलांडलात, आणि पोरगा कॅनडात जाऊन दुसऱ्या राजाची शपथ घेऊन बसला. त्याने ती घेतलेली नाही. कॅनडाच्या हवाई दलात अमेरिकन मुलांना ती सूट आहे. हुकूम पाळीन एवढंच लिहून घेतात. त्याचा फॉर्म माझ्यासमोर आहे, शपथेच्या ओळीवर आडवी रेघ मारलेली आहे. हे त्याने तुम्हाला का सांगितलं नाही? बहुतेक त्याला वाटलं असेल, वडिलांनी आधी विचारावं. तुम्हाला वाटलं असेल, त्याने आधी सांगावं. माझ्या घरीही असंच चालतं.

चार. कात्रीचं. न विचारता नेली, असं तुम्ही लिहिता. इथे तिचा फार उपयोग झाला. कचेरीच्या भिंतीला लागून, बाहेर एक खोकं ठेवून तो केस कापायचा. आधी फक्त आपल्या सहा माणसांचे. मग उड्डाणाच्या दिवशी टेक्सकडून केस कापून घेतले की माणूस परत येतो, असं कोणीतरी पसरवलं आणि रांग लागायला लागली. माझेही एकदा कापले. मागून जरा तिरपे झाले. म्हणाला, “बाई, माझ्या बापाने हे बघितलं तर तुमचे पैसे परत देईल आणि मला दुकानाबाहेर काढेल.” मी म्हटलं, “पैसे कुठे दिलेत मी?” म्हणाला, “मग नुसतं बाहेर काढेल.”

पाच. बदलीच्या कागदाचं. अमेरिकन हवाई दलात बदली मिळावी म्हणून त्याने सप्टेंबरात अर्ज केला होता, हे खरं. आपल्या देशाचा गणवेश अंगावर चढवशील त्या दिवशी पत्र लिहीन, असं तुम्ही त्याला बजावलं होतं, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या पत्रातूनच कळलं. कागदाबद्दल आत्ता मला काही सांगता येणार नाही.

रेजी पॉकलिंग्टन अजून इस्पितळात आहे. हात भाजलेत, बाकी ठीक.

नोरा कॉथर्न


२० मार्च १९४४

श्री. टँगेन यांस,

तुमचं पत्र आज आलं. तुमच्या विलो फॉर्क गावच्या नगरभवनाबाहेर लढाईत गेलेल्या मुलांच्या नावांचा फलक लागतोय, आणि त्यावर ऑर्लिनचं नाव घ्यायला समितीचा नकार आहे, कारण तो दुसऱ्या देशाच्या नोकरीत मेला. बदलीचा आदेश एक दिवस आधी जरी लागू झाला असेल तरी चालेल, फक्त तारखेचा कागद हवा, असं ते म्हणतात. तुम्ही आमच्या मुख्यालयाला विचारलंत. तिकडून उत्तर आलं की असा आदेश या तळावर पोचल्याची नोंद नाही.

ते उत्तर मी वाचलं आहे.

फलक रंगवायला तीस मेपर्यंत मुदत आहे, हेही वाचलं. समितीतले दोघं जण तुमच्याकडेच दाढी करायला येतात आणि आता खुर्चीत बसून काही बोलत नाहीत, हेही.

मला आठवडाभर द्या.

नोरा कॉथर्न


२७ मार्च १९४४

श्री. टँगेन यांस,

सोबत एक कागद आहे. अस्सल प्रतीची ही नक्कल आहे. खाली आमच्या अ‍ॅडज्युटंटसाहेबांची, म्हणजे कचेरीच्या मुख्य अधिकाऱ्यांची सही आहे. आधी तो वाचा, समितीकडे न्यायच्या पाकिटात घाला, आणि मग हे पत्र वाचा. हे पत्र समितीला दाखवायची गरज नाही. दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

कागदात लिहिलं आहे: फ्लाइंग ऑफिसर ऑर्लिन टँगेन यांची अमेरिकन हवाई दलात बदली, तळावर आदेश पोचल्याच्या दिवसापासून लागू, त्या क्षणापासून मोहिमांवर पाठवू नये, अकरा तारखेला लंडनला हजर व्हावं. वर उजव्या कोपऱ्यात आमच्या कचेरीचा शिक्का आहे. नऊ डिसेंबर, सकाळी नऊ पन्नास.

शिक्का मी मारला. पाकीट उघडलं की आधी शिक्का, मग वाचायचं, अशी आम्हाला सवय लावतात.

माझ्या टेबलावर तीन ट्रे असतात. आलेलं, जाणारं, थांबलेलं. हा कागद आलेल्यांतून उचलून सरळ अ‍ॅडज्युटंटसाहेबांच्या टेबलावर जायला हवा होता. मधे दहा पावलांचं अंतर आहे.

त्या दिवशीच्या उड्डाणाची यादी मी साडेनऊला टाईप करून फळ्यावर लावली होती. टेक्सच्या विमानाची सातही नावं त्यात होती. त्यांची तिसावी. बाहेर भिंतीपाशी तो रेजीचे केस कापत होता. रेजी आत आला, गळ्यात टॉवेल, केस एका बाजूने कापलेले, एका बाजूने तसेच. स्टोव्हवरचं गरम पाणी हवं होतं. त्याने कागद उलटा असताना वाचला. विमानाच्या शेपटीत उलटं बसून त्या लोकांना तशी सवय होते.

“हे आजचं आहे का गं?” त्याने विचारलं.

“आत्ता आलंय.”

“मग आज रात्री आम्हाला कोण नेणार?”

आम्हा दोघांनाही माहीत होतं. राखीव वैमानिक. आमच्या तळावर एक समजूत आहे, आणि ती नुसती मुलांची आहे असं म्हणून मला सुटता येणार नाही. परक्या कप्तानाबरोबर गेलेली टोळी परत येत नाही. ऑगस्टपासून अशा तीन टोळ्या गेल्या. तिन्ही याद्या मी टाईप केल्या होत्या आणि नंतरची पत्रंही मीच केली होती.

“नोरा,” रेजी म्हणाला, “एक दिवस. उद्या सकाळी दे त्यांना. आज शेवटची आहे आमची. एक दिवस कागद बसून राहिला तर कागद काही मरत नाही.”

बाहेरून टेक्सची हाक आली. “ए रेजी, अर्ध्या डोक्यानं जाणारेस का आज? तिकडचे लोक हसतील.”

“आलो रे बाबा! तिकडच्यांना दिसतंय कुठे माझं डोकं?”

“तुझं अंडं मला दे म्हणजे झालं, परत नाही आलास तर.”

इथे हा विनोद रोज चालतो. उड्डाणाहून परतल्यावर त्या मुलांना अंडं मिळतं, आम्हाला महिन्याला एक. मीही त्या दिवशी हसले होते.

कागद मी थांबलेल्या ट्रेमध्ये तळाला घातला. वर कोळशाच्या मागणीचे फॉर्म ठेवले. रेजी पाणी घेऊन गेला. भिंत पत्र्याची आहे, कात्रीचा आवाज आत येत होता. साधारण वीस मिनिटं येत राहिला.

मी त्याला विचारलं नाही. हे तुम्ही लक्षात घ्यावं. तो दहा पावलांवर होता आणि कागद त्याचा होता. तो काय म्हणाला असता? म्हणाला असता, थांबव, आज मीच नेतो यांना. मला तसं वाटतं. पण हे माझ्या सोयीचं उत्तर आहे. तुमच्या अटीचं मला काही ठाऊक नव्हतं. कदाचित तो म्हणाला असता, आण इकडे, मला घरी पत्र लिहायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पत्रं टाईप करायची आली. मी कागद ट्रेमधून काढून टाईपरायटरच्या फितींच्या डब्याखाली ठेवला. फेब्रुवारीत मुख्यालयातून तुमची चौकशी आली. “असा आदेश या तळावर पोचल्याची नोंद नाही” हे वाक्य मी टाईप केलं. साहेबांनी न वाचता सही केली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मागच्या बुधवारी इस्पितळात जाऊन मी रेजीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो खिडकीपाशी बसला होता. केस वाढलेत, आता कोणाकडून कापून घेत नाही.

“देऊन टाक कागद,” तो म्हणाला. “आणि माझं नाव घाल. मी सांगितलं म्हणून ठेवलास.”

“सांगितलंस तू. ठेवला मी.”

“बरोबरीनं वाटून घ्यायला काय जातं तुझं?”

“तुझं नाव मी घालीन,” मी म्हटलं. “पण वाटून नाही.”

“मग तू आणि तो म्हातारा, काय भांडायचं ते तुम्ही दोघं भांडा,” तो म्हणाला. जेवणाच्या ताटात अंडं होतं. नर्सने ते तसंच परत नेलं.

गुरुवारी सकाळी मी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी शिक्का बघितला, घड्याळाकडे बघितलं, मग दार लावलं.

“कॉर्पोरल, हा ट्रेच्या मागे पडला होता. असंच ना?”

“नाही, साहेब.”

“नीट ऐक. त्या महिन्यात टपाल किती होतं ते मला माहीत आहे. कागद नजरचुकीने मागे पडला, आता सापडला. त्या वडिलांना तारीख मिळते. मुख्यालयाला उत्तर मिळतं. तू तुझ्या खुर्चीत राहतेस. कोणाचंही काही बिघडत नाही.”

“हो, साहेब.”

“मग टाईप करून आण.”

मी टाईप करून आणलं. नकलेच्या खाली ‘नजरचुकीने’ हा शब्द तुम्हाला दिसेल. तो त्यांचा आहे, अक्षरं माझी. तेवढ्यावर हे थांबवता आलं असतं. तुमचं काम होतं. फलकावर नाव लागतं.

पण नजरचूक झालेली नाही. मी कागद वाचला, समजून घेतला आणि खाली घातला. माझ्या हातून कागद ऑर्लिनला मिळाला असता तर त्या रात्री तो जमिनीवर असता. बाकी सहाजण परक्याबरोबर गेले असते. त्यांचं काय झालं असतं ते मला माहीत नाही, ते मी तुम्हाला विचारतही नाही.

कमांडरचं नाव आणि पत्ता खाली दिला आहे. तुम्ही त्यांना लिहिलंत तर माझ्यावर खटला चालेल, आणि मी हेच सांगेन. ठरवणं तुमच्याकडे.

कचेरीतून मी स्वतः बदली मागून घेतली. एक एप्रिलपासून स्वयंपाकघरात असेन.

नोरा कॉथर्न


१९ मे १९४४

श्री. टँगेन यांस,

तुमचं जाड पाकीट आज आलं. सकाळच्या टपालाने, सव्वादहाला. मी बटाटे सोलत होते. नवी टपालवाली मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, “कॉर्पोरल, अमेरिकेहून! चॉकलेट असेल तर अर्धं माझं!” मी तिला सांगितलं, चॉकलेट नाही.

फलक लागला, हे वाचलं. नावं आडनावांच्या क्रमाने रंगवून झाली होती, त्यामुळे ऑर्लिनचं सगळ्यात खाली, थोड्या लहान अक्षरात घ्यावं लागलं, हेही वाचलं. रंगाऱ्याशी तुम्ही भांडलात, आणि नंतर त्याची दाढी फुकट करून दिलीत.

कमांडरसाहेबांना तुम्ही लिहिलेलं नाही. तुमचं वाक्य मी चार वेळा वाचलं: “तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते मला अजून कळलेलं नाही. कळलं तर कळवीन.” ठीक आहे. मी इथेच आहे. इथून हलवलं तर नवा पत्ता पाठवीन.

पाकिटात दुसरं पाकीट होतं. तुमच्या हाताने त्याचं नाव घातलेलं, नोव्हेंबरात टाकलेलं, आमच्या तळाचा ‘मृत, परत पाठवा’ असा शिक्का बसून तुमच्याकडे गेलेलं. न उघडलेलं. बदली नक्की होणार असं त्याने कळवलं, तेव्हा गणवेशाची वाट न पाहता तुम्ही ते लिहून टाकलंत. दहा दिवस लवकर लिहिलं असतं तर, असं तुम्ही म्हणता. तो ‘परत पाठवा’चा शिक्काही मीच मारला असणार. मला तो आठवत नाही. त्या आठवड्यात बरेच होते.

तुम्ही लिहिलं आहे: “कागदाप्रमाणे नऊ डिसेंबरला तो आपल्या देशाचा होता. म्हणजे माझी अट पुरी झाली आणि हे पत्र त्याचं आहे. टपाल पोचवणं हे तुझं काम होतं. पोचव.”

मी हात धुतले आणि स्वयंपाकाच्या सार्जंटबाईंकडे गेले. मिसेस ड्रूरी त्यांचं नाव, मोठ्या आवाजाच्या.

“दीड तास सुट्टी हवी, सार्जंट.”

“आज? चारशे माणसांचं जेवण कोण करणार, तुझी आई?”

“टपाल आहे. पोचवायचंय.”

“संध्याकाळी जा. टपालाला काय पाय फुटतात?”

“संध्याकाळी नाही. आलंय आत्ता.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. काय दिसलं कोण जाणे. म्हणाल्या, “माझी सायकल घे. पुढचा ब्रेक लागत नाही. आणि बटाटे तुझे तू सोलायचे, आल्यावर.”

स्कॉल्बीला चार मैल. वाटेत दोनदा चेन पडली. चर्चच्या मागे कोणी नव्हतं. डावीकडून दुसरा. खाली मातीत, हातभर खोल, स्वयंपाकघरातल्या पळीने खणलं. पत्र पाकिटासकट एका बिस्किटाच्या डब्यात घातलं होतं, ओल लागू नये म्हणून. उघडलं नाही. त्यात काय आहे हे तुम्हाला आणि त्याला माहीत.

इथे पोचवलेल्या टपालाची वेळ लिहून ठेवायची पद्धत आहे. पावतीवर सही घेता आली नाही, म्हणून वेळ तुम्हालाच कळवते.

१९ मे. आलं सव्वादहाला. पोचलं बारा वाजून पाच मिनिटांनी. त्याच दिवशी.

नोरा कॉथर्न